नाव घातलेली वाटी

माझ्या स्वयंपाकघरात स्टीलची एक वाटी आहे. ती माझी नाही, उसनी आणलेली आहे. तिच्या बुडाशी बारीक ठिपक्यांनी एका बाईचं नाव कोरलेलं आहे. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्याला वाचायचं असेल त्याने माझ्याकडे यावं आणि वाटी उलटी करून बघावी. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं की त्या ठिपक्यांवर क्षणभर थांबतं, आणि मला वर्ध्याच्या कडेची, नालवाडीतली ती गल्ली दिसते. अर्धवट झोपेत दिसावी तशी, आवाज नसलेली. मग कुठल्यातरी दाराची कडी वाजते आणि कानावर येतं, "अवं, एक मिरची दे वं. घरातल्या सरल्या."

सरलेल्या कधीच नसायच्या.

त्या माझ्या घरमालकीण. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते आणि त्यांची वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. यजमान शाळामास्तर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मागे येणारी पेन्शन आणि वरच्या खोलीचं भाडं यांवर घर चालायचं. मुलगा पुण्याला. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, मीही म्हणू लागले.

काकूंच्या घरात काहीच कमी नव्हतं. डबे भरलेले, कोठीत गहू, परसात मिरचीची तीन-चार झाडं. तरी सकाळी अंघोळ झाली की त्या एक वाटी घेऊन निघायच्या. कुणाकडून बेसन, कुणाकडून विरजण, कुणाकडून नुसता चिमूटभर ओवा. मी पहिल्या महिन्यात हे जिन्यावरून बघत असे आणि मला वाटायचं, यांना विसरायचा आजार असावा. एकदा न राहवून म्हणाले, "काकू, ओवा तर कालच आणला ना तुम्ही दुकानातून?"

"आणला ना. हाये तो डब्यात."

"मग?"

"मंग काय मंग? मले ओवा नोको होता, पोरी. मले तिचं दार उघडाचं होतं."

आणलेली वाटी परत जायची ती कधीच रिकामी नाही. हा रिवाज इकडे सगळीकडेच आहे, माझी आईही पाळते, पण आईची वाटी साखरेच्या चार दाण्यांवर भागायची. काकूंच्या डोक्यात प्रत्येक वाटीत काय जायचं हे ठरलेलं असायचं. बेसनाच्या वाटीतून जवसाची चटणी. विरजणाच्या वाटीतून पातोडीचे तुकडे. शेजारच्या नर्सबाईंची एक वाटी त्यांनी दिवाळीपासून ठेवून घेतली होती, कारण त्यांना ती तुरीच्या ओल्या दाण्यांनी, सोल्यांनी, भरून द्यायची होती आणि सोले निघायला वेळ होता. नर्सबाईंचीही काही तक्रार नव्हती. "सोले निघाले का येइन वाटी," त्या म्हणायच्या, जणू वाटी शेतातच पेरली आहे.

"उशीर झाला तर चालते," काकूंचं म्हणणं. "रिकामी गेली तर नाई चालत."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळा घोटाळा याच वाक्याने केला.

दुसरी खोड म्हणजे भाडेकरणीला त्या तिच्या नावाने हाक मारत नसत. तिने पहिल्यांदा जे उसनं मागितलं, ते तिचं नाव. माझ्याआधी 'सुईदोरा' राहत होती, नर्सिंग शिकणारी. तिच्याआधी 'हिंग'. सुईदोरा आता नागपूरला असते, हिंगाला मुलगी झाली, अशा बातम्या त्या मला अगदी गंभीरपणे देत. मी मात्र कुणाकडे काही मागत नसे. आमच्या घरात बाबांची शिकवण होती, कुणाचं काही घ्यायचं नाही म्हणजे कुणाचं काही देणं लागत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथेही आम्ही पेन्सिल, रबर आपापलं वापरायचो. त्यामुळे मला नावच मिळालं नाही. काकू मला 'वरची' म्हणायच्या. "वरची आली का?" "वरचीनं लाइट बंद केला का?" मला त्याचं वाईट वाटायचं, पण ते सांगायला खाली जावं लागलं असतं.

दुपार कलली की काकू गच्चीवर यायच्या. तिथे एका जुन्या कूलरचा लोखंडी स्टँड पडलेला होता. त्यावर गोणपाट टाकून त्या बसायच्या, पदर खोचायच्या, दोन्ही हात पुढे धरायच्या आणि डोळे मिटायच्या. माझ्या खोलीचं दार गच्चीतच उघडायचं. उन्हाने सगळं पांढुरकं झालेलं, वाळत घातलेली लुगडी हलत असलेली, आणि मध्ये ही बाई हवेत मुठी धरून बसलेली.

"हे निघालो," त्या पुटपुटायच्या. "नागपूर रोड लागला. ट्रक हाये, जाऊ दे त्याले पुढे. इथी खड्डा हाये जराक." मग त्या बसल्या जागी किंचित उचलल्या जायच्या. "हे पवनार. धाम नदीचं पाणी पाह्य कसं चमकून राह्यलं." पुलावर त्या थांबायच्या. खरोखर थांबायच्या, बोटांनी ब्रेक दाबून, मान वळवून. पुढे तुरीची शेतं आली की नाकाने वास घ्यायच्या. पहिल्या वेळी मला हसू आलं. नंतर नंतर मी हातातलं पुस्तक मिटून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. कुठल्या वळणावर बाभूळ आहे, कुठे चहाची टपरी, सगळं मला पाठ झालं, मी तो रस्ता कधी बघितलेला नसताना.

"हे सेलू. हे बाईचं दार." इथे त्या डोळे उघडायच्या. दाराच्या आत त्या कधी गेल्या नाहीत.

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. सेलूला मुला-सुनेजवळ राहायची. गुडघे गेलेले, त्यामुळे घराबाहेर पडणं बंद. कानाने कमी, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. घर लहान, मुक्कामाला जागा नाही. काकू महिन्यातून एकदा एसटीने जायच्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने परत यायच्या. परतल्या की दोन दिवस गप्प असायच्या.

"बोलणं रंगात आलं का एसटी येते," त्या एकदा म्हणाल्या. "आन तुले सांगू का, खरी गोष्ट माणूस उठाच्या टायमाले सांगते. आधी सगळं जग सांगून होते, ह्याचं लगन, त्याची म्हैस. मंग ती म्हणते, 'तुले एक सांगाचं होतं.' अन् तवाच पोंगा वाजते एसटीचा. मले पळा लागते. किती वर्ष झाले, बाईले मले काहीतरी सांगाचं हाये."

म्हणून त्यांना स्कूटर हवी होती. बॅटरीवरची, आकाशी रंगाची. सुईदोऱ्याने आपल्या मोपेडवर, समोरच्या मोकळ्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये त्यांना चालवायला शिकवलं होतं. लायसन्सही काढलं होतं. हवी होती ती फक्त गाडी, आणि ती हप्त्यावर, स्वतःच्या नावावर.

शोरूममध्ये मी त्यांच्याबरोबर गेले होते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस तिथे टेबल टाकून बसला होता. त्याने संगणकात काहीतरी घातलं, वाट बघितली आणि म्हणाला, "काकू, तुमच्या नावावर काहीच दिसून नाई राह्यलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कधी कर्ज घेतलं नाई, कार्ड वापरलं नाई. कंपनीले तुमची ओळखच नाई. असं करा, सोबत मुलाचं नाव टाका. लगेच होऊन जाईन."

"मुलाले कायले? त्याले थोडी जाचं हाये सेलूले?"

"मंग रोख घ्या ना. तुमची एफडी हाये म्हणता."

काकूंनी आपले कागद पिशवीत घातले. मग मला म्हणाल्या, "चाल." बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बोलल्या, "रोख देणाऱ्याचं नाव कोणी इचारते का? पैसा घेतला, सामान देलं, जाय. मले त्यायनं ओळखलं पायजे."

मुलाने फोनवर सांगितलं, आई, या वयात स्कूटर कशाला, आणि घ्यायचीच तर मी घेऊन देतो. काकू म्हणाल्या, "तू घेऊन देलेल्या गाडीवर गेली तर मले तुयं आयकावं लागन का कवा घरी याचं." आणि फोन ठेवला.

आता मागे वळून बघते तर मला त्यांचं म्हणणं जास्त कळतं. त्यांच्या मांडणीवरचं प्रत्येक भांडं नाव घातलेलं होतं. ताटं, तांबे, पराती, सगळ्यांवर मास्तरांचं नाव, नाहीतर लग्नात आहेर देणाऱ्यांचं. आयुष्यभर त्यांनी घासलेल्या भांड्यांत त्यांचं स्वतःचं नाव असलेलं एकही नव्हतं.

त्याच आठवड्यात माझाही अर्ज फेटाळला गेला. मी फोनवरून एका कॅशबॅक कार्डासाठी अर्ज केला होता. खरेदीवर थोडे पैसे परत मिळतात, आणि पुढे कधी घर, गाडी घ्यायची तर पत तयार होते, असं कॉलेजमधल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. उत्तर आलं, आपला पुरेसा इतिहास उपलब्ध नाही. मी जिन्यात बसून ते वाचत होते. काकूंनी विचारलं, मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"तुले बी नाई म्हणलं? इंग्रजी शिकलेलीले?"

"हो."

"मंग बरं झालं. दोघी सारख्याच आपण. सरकीची पेंड खाल्लेल्या म्हशी, दूध कोणाले मालूम नाई."

या उपमेचा मला अजून नीट अर्थ लागलेला नाही, पण मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

बँकेत चौकशी केली तेव्हा तिथल्या तरुण अधिकाऱ्याने वाट सांगितली. आपलीच थोडी रक्कम ठेव म्हणून ठेवायची, तिच्या आधारावर बँक कार्ड देते. त्यावर छोटी खरेदी करायची, बिल आलं की पूर्ण भरायचं, वेळेवर. वर्षभरात नाव दिसायला लागतं. मी इंग्रजी-मराठीची सरमिसळ करत काकूंना समजावत होते, त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"समजलं. थोडं घ्याचं, वापस कराचं. दार उघडं ठेवाचं. हे तर मी रोजच करून राह्यली."

कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी ते देवापुढे ठेवलं नाही की कपाटात ठेवलं नाही. ओट्यावर बसून अंगठ्याने त्याची उठलेली अक्षरं चाचपत राहिल्या. आधारकार्डावरही त्यांचं नाव होतं. पण ते आपोआप आलेलं, हे मागून मिळवलेलं. "हाताले लागते," त्या म्हणाल्या, आणि माझा अंगठा धरून त्या अक्षरांवरून फिरवला. मला कुणी हात धरलेला आवडत नाही. त्या दिवशी मी सोडवून घेतला नाही.

काकू कार्डावर किराणा आणायच्या, गॅस मागवायच्या, विजेचं बिल भरायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पहिला कॅशबॅक आला.

मी त्यांना फोनवर दाखवलं. काकू काळजीत पडल्या. "मी त्यायच्या पैशानं सामान आणलं. अन् वरून त्यायनंच मले देलं?"

"हो. तसंच असतं ते."

"असं कसं असन? मंग वाटी माह्याकडं आली ना आता."

मी विषय सोडून दिला. त्यांनी सोडला नव्हता. पुढचं बिल भरताना त्यांनी बिलाची रक्कम भरली, त्यावर कॅशबॅकचे पैसे भरले, आणि त्यावर आणखी थोडे, साखरेच्या दाण्यांसारखे. दोन-तीन महिने असंच. शेवटी बँकेतल्या त्या अधिकाऱ्याने त्यांना बोलावून घेतलं.

"काकू, तुम्ही दरवेळी जास्त भरता."

"मले मालूम हाये."

"गरज नाही त्याची. जास्तीचे पैसे आम्ही तुमच्या पुढच्या बिलात वळते करतो."

काकूंना हे फार लागलं. "वाटीतलं काढून कोणी वापस करते का, बाबू? तुह्या आईनं हे शिकवलं तुले?"

तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे. पुढच्या वेळी काकूंनी पैशांऐवजी डबाभर सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, नेल्या. त्या बँकेने वळत्या केल्या नाहीत, जागीच संपवल्या. काकूंना वाटलं, आता जमलं.

दिवाळीत मी गावी गेले होते. त्याच वेळी काकूंच्या घराच्या गळत्या छताचं काम निघालं आणि हातातला पैसा त्यात गेला. बिल भरण्याची तारीख आली तेव्हा खात्यात बिलापुरते पैसे होते. पुरते, नेमके. वर घालायला काही नव्हतं. आणि तशी रिकामी वाटी बँकेत पाठवायची काकूंची तयारी नव्हती. त्या पेन्शनीची वाट बघत थांबल्या. पेन्शन आली, त्यांनी आनंदाने बिल भरलं, वरचं भरलं. तारीख उलटून बरेच दिवस झाले होते.

मी परत आल्यावर त्यांनीच सांगितलं, अगदी सहज. उशिराचा दंड लागला होता, त्याचाही त्यांना राग नव्हता. "बरं झालं. ह्या टायमाले वरचं त्यायनं मागूनच घेतलं." उशिराची नोंद नावापुढे राहते हे मला माहीत होतं, पण तेव्हा मी ते सांगितलं नाही. त्या इतक्या खूश होत्या.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा शोरूमला गेलो. तोच माणूस, तेच टेबल. या वेळी संगणकात त्यांचं नाव दिसलं. काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

"नाव तं आलं, काकू," तो म्हणाला. "पण इथी उशीर दिसून राह्यला. पैसे थकवले होते का तुम्ही?"

"थकवले?"

"वेळेवर भरले नाई असं दिसते. कंपनी नाई म्हणून राह्यली सध्या. मुलाचं नाव टाकलं तर..."

काकू उठल्या. ऑटोत त्या एकच वाक्य बोलल्या. "नाई दिसत होती तेच बरं होतं."

त्यानंतर काकूंची वाटी गल्लीत फिरायची थांबली.

हे सांगणं कठीण आहे, कारण घडलं काहीच नाही. सकाळी दारं उघडायची, बंद व्हायची. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. पण कुणी 'अवं' म्हणत नव्हतं. नर्सबाई दोनदा कुंपणापर्यंत येऊन गेल्या. गच्चीवरच्या स्टँडवर गोणपाट तसंच पडून होतं, त्यावर वाऱ्याने कडुनिंबाची पिवळी पानं आणून टाकली होती. ज्या बाईने आयुष्यात कुणाची वाटी रिकामी पाठवली नाही, तिच्या नावापुढे कुठेतरी लिहिलं गेलं होतं की ही घेते आणि देत नाही. हे नर्सबाईंना माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. काकूंना माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

एका रविवारी मी खाली गेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जरा वेळ उभी राहिले. मग कडी वाजवली.

"काकू, एक लिंबू आहे का?"

त्या डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुह्या खिडकीत दिसून राह्यलं ना लिंबू. अंगणातून दिसते."

वरच्या खिडकीत, बशीत, पिवळंधमक लिंबू होतं हे खरंच होतं. मी परत फिरणार इतक्यात त्या उठल्या, परसातून एक लिंबू आणलं, वाटीत ठेवलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"घे. वाटी वापस आणजो."

"रिकामी नाही आणणार."

"मालूम हाये." आणि मग त्या हळूच हसल्या. "लिंबू."

मला नाव मिळालं होतं.

त्याच दुपारी वाटीत गोरसपाकाची बिस्किटं घालून मी ती परत नेली, आणि खाली बसले. बसले म्हणजे चटईवर, त्यांच्यासमोर, पहिल्यांदाच. मी त्यांना म्हणाले, "काकू, बँकेला वाटीत काय आहे ते दिसत नाही. तिला फक्त दिवस दिसतो."

"आंधळी हाये का?"

"तसंच समजा."

त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "आंधळ्याच्या दारी गेलं तर त्याच्या रीतीनं वागा लागते," त्या म्हणाल्या. मग पुन्हा डाळीत बोटं घालत, "पण रिकामी देतानी मायं मन नाई होत, लिंबू."

"मग तिचं वरचं गल्लीत द्या."

हे मी का म्हणाले, मला माहीत नाही. माझ्या तोंडून असं काही सहसा येत नाही. काकूंनी ते उचललं. त्या दिवसापासून बिल आलं की त्याच दिवशी त्या ते भरायच्या, पैशापैशाला नेमकं, तोंड वाकडं करून, औषध घेतल्यासारखं. आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी तळायला घ्यायच्या. "आज कोणाकडून काही आणलं नव्हतं ना, काकू?" म्हणून नर्सबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "हे बँकेचं हाये. खा."

कॅशबॅकचे पैसेही त्यांनी आता परत केले नाहीत. साठत गेले. एक दिवस त्या मला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि त्यातून अर्धा डझन वाट्या घेतल्या. नाव घालणाऱ्याने मशीन हातात घेत सवयीने विचारलं, "साहेबांचं नाव काय टाकू?"

"मायं टाक."

"अन् त्याच्या मांगं साहेबायचं?"

"मायंच."

मशीन घरघरू लागलं. काकू लहान मुलीसारख्या वाकून ते ठिपके उमटताना बघत होत्या.

पुढच्या वर्षी, पळस फुलायला लागला होता तेव्हा, शोरूममधल्या माणसाने संगणकात पाहिलं आणि या वेळी मुलाचं नाव विचारलंच नाही. "तुम्ही एकल्याच करता ना सही?" एवढंच म्हणाला. काकूंनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव. आकाशी स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं होतं, ते त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं.

आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. मी मागे, मांडीवर नवी वाटी, त्यात तिळाची चटणी, वर कापड बांधलेलं. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. पण तो रस्ता मला पाठ होता. हा नागपूर रोड, हा ट्रक, जाऊ दे त्याला पुढे. खड्ड्याच्या जागी मी आपोआप उचलले गेले. पवनारच्या पुलावर काकूंनी गाडी कडेला घेतली, दोघी धामच्या पाण्याकडे बघत राहिलो. दोन्ही बाजूंना पळस असा पेटलेला होता की ऊन कुठे संपतं आणि फूल कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. गाडीला आवाज नव्हता. एकदा मला वाटलं की आपण अजून गच्चीवरच आहोत, आणि काकू आता डोळे उघडतील.

सेलूला बाई ओसरीत खाटेवर होत्या. काकूंसारखंच गोंदण, जरा पसरलेलं. त्यांनी वाटी हातात घेतली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि बहिणीचं नाव मोठ्याने वाचलं. मग स्कूटरकडे बघितलं. मग पुन्हा वाटीकडे.

"कोणाची हाये गाडी?"

"मायी!" काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या.

मग बोलणं सुरू झालं. कुणाचं लग्न, कुणाची म्हैस, कुणी कुंपण किती सरकवलं. सुनेने चहा दिला, पुन्हा दिला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं आणि तिथून गेलं. कोपऱ्यावर पोंगा वाजला. शेवटची एसटी. बाईंना तो ऐकू आला नसावा, पण त्यांच्या अंगात ती वेळ मुरलेली होती. त्यांनी खाटेवर हात टेकला.

"जाय वं आता. गाडी चुकन तुयी."

"चुकू दे."

बाई थांबल्या. लाल एसटी धुरळा उडवत गल्लीच्या तोंडावरून गेली. काकूंनी मान वळवली नाही. धुरळा बसला, आणि इतकं शांत झालं की शेजारच्या गोठ्यातली साखळी ऐकू येत होती.

"तुले एक सांगाचं होतं," बाई म्हणाल्या.

काकूंनी आपलं आसन सरकवून खाटेला लावलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लिंबू, तू जराशी गाडीपाशी बस."

मी बाहेर जाऊन स्कूटरच्या सीटवर बसले. तिथून मला काहीच ऐकू येत नव्हतं. एकमेकींजवळ वाकलेली दोन डोकी दिसत होती, आणि मध्ये ती वाटी.